आठ खोल्या, दोन राज्यं

रेषेला लांबी असते पण जाडी नसते, हे आपण शाळेतल्या भूमितीत पाठ केलं. पुढे सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला कळतं, की कागदावरच्या रेषेला चांगली जाडी असते आणि ती जमिनीवर उतरली की बऱ्याच मीटरची होते. अशाच एका रेषेबद्दल हा लेख आहे. ती आपल्याच राज्यात आहे आणि एका घराच्या मधून जाते.

चंद्रपूर जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेवर महाराजगुडा नावाचं छोटं गाव आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पुन्हा तापला होता. तेव्हा वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर या गावातल्या एका घराची बातमी आली. आठ खोल्यांचं घर, त्यातल्या चार महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात! स्वयंपाकघर तेलंगणात, बैठकीची खोली महाराष्ट्रात. घरपट्टी दोन्हीकडे भरायची. दारातल्या गाड्यांच्या नंबर प्लेट दोन राज्यांच्या. आपण हसलो आणि चॅनेल बदललं. पण ही मजेची गोष्ट नाही.

गाव कुठे आहे?

चंद्रपूरहून दक्षिणेला राजुरा, पुढे गडचांदूर आणि मग माणिकगड पहाडावर जिवती तालुका. गडचांदूर म्हटलं की सिमेंटचे कारखाने आठवतात, कारण हा चुनखडीचा भाग आहे. पहाडावर मात्र जंगल आणि कापूस, तूर, ज्वारीची शेती. इथे गोंड आणि कोलाम आदिवासी पूर्वीपासून राहतात. नंतर मराठवाड्यातून, खास करून दुष्काळाच्या वर्षांत, बरीच कुटुंबं इथे जमीन कसायला आली. त्यात बंजारा आणि दलित समाजाची माणसं पुष्कळ. घरात मराठी किंवा गोरमाटी, बाजारात तेलुगू, असं इथलं बोलणं आहे.

अशी एकूण १४ गावं वादात आहेत. काही ठिकाणी १२ म्हणतात, कारण काही वाड्या महसुली गाव म्हणून वेगळ्या मोजल्या जात नाहीत. महाराजगुडा, परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, नारायणगुडा, भोलापठार, येसापूर, पद्मावती, शंकरलोधी ही त्यातली काही नावं. 'गुडा' म्हणजे तिकडची वस्ती. आपल्या घोडबंदर रोडवर मानपाडा आणि पातलीपाडा आहेत ना, त्यातला 'पाडा' तसाच. नावांवरूनच दिसतं, की इथे गोंडी, तेलुगू आणि मराठी एकमेकींत मिसळल्या आहेत. अशा ठिकाणी भाषेच्या आधारावर रेषा काढायची म्हणजे दुधातलं पाणी वेगळं करण्यासारखं आहे.

महाराष्ट्राच्या कागदांवर ही गावं चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात आहेत. तेलंगणाच्या कागदांवर ती कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलात आहेत. कुमुरम भीम म्हणजे 'जल, जंगल, जमीन' म्हणत निजामाच्या राजवटीविरुद्ध लढलेला गोंड नेता. १९४० साली तो जोडेघाटला मारला गेला. ते जोडेघाट याच केरामेरी मंडलात आहे. म्हणजे या पहाडावर जमिनीचा प्रश्न काही आजचा नाही.

रेषा आली कुठून?

१९५६ पर्यंत इथे ही राज्यसीमा नव्हतीच. सगळा भाग हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. राजुरा हा त्या जिल्ह्याचा एक तालुका आणि आसिफाबाद दुसरा. मधे होती ती साधी तालुक्याची हद्द. बहुतेक ठिकाणी जंगल आणि डोंगर, त्यामुळे ती नेमकी कुठून जाते याची फिकीर कुणालाच नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. त्यात मुंबई राज्याला काय मिळालं याची यादी आहे. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबईला आलं. उलट नांदेड जिल्ह्यातून मुधोळ, भैंसा वगैरे सर्कल आंध्रकडे गेली. म्हणजे कायद्याने नकाशावर नवीन रेषा ओढली नाही, तालुक्यांची आणि सर्कलची नावं लिहिली. राजुरा आधी नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला.

मुद्दा इथेच आहे. तालुक्याची जी हद्द एका रात्रीत राज्याची सीमा झाली, ती तेवढी पक्की मोजलेली नव्हती. आपल्या हॉस्टेलमधल्या दोन खोल्यांची सामाईक भिंत उद्या दोन कॉलेजांची कंपाउंड वॉल ठरली, तर भिंत तीच राहील, पण तिच्यावरून भांडणं सुरू होतील. तसंच झालं. बातम्यांत सांगितलं जातं, की १९६९ च्या सुमारास सीमेची आखणी झाली तेव्हा त्या आठ खोल्यांच्या कुटुंबाची जमीन दोन भागांत विभागली गेली.

पुढे आंध्र प्रदेशाने या गावांवर हक्क सांगितला, वाद कोर्टात गेला आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण महाराष्ट्राच्या बाजूने मिटलं. पण तोपर्यंत आंध्रने इथे शाळा, रेशन, निवडणूक सगळं सुरू केलं होतं आणि ते थांबलं नाही. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं तेव्हा हा वारसाही त्याच्याकडे गेला.

एकाच जागी उभं राहून हिशोब करा. ही जमीन आधी हैदराबादची, मग मुंबई राज्याची किंवा आंध्रची (कुणाला विचाराल त्यावर), १ मे १९६० पासून महाराष्ट्राची, २०१४ पासून दुसऱ्या बाजूने तेलंगणाची. जमीन मात्र एक इंचही हललेली नाही.

अर्ध्या मिलीमीटरचं गणित

आता थोडं आपल्या अभ्यासाचं. सीमा ठरवण्याच्या पुस्तकी पायऱ्या साधारण अशा सांगतात. पहिली वाटप, म्हणजे कुणाला कोणता प्रदेश. दुसरी डिलिमिटेशन, म्हणजे करारात किंवा कायद्यात शब्दांनी आणि नकाशाने रेषेचं वर्णन करणं. तिसरी डिमार्केशन, म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर दगड किंवा खांब रोवणं. चौथी देखभाल, कारण दगड पडतात, चोरीला जातात, नदी पात्र बदलते.

पहिली पायरी दिल्लीत होते, दुसरी ऑफिसात होते. तिसरी उन्हातान्हात, डोंगरात करावी लागते, आणि तीच नेमकी राहून जाते.

समजा आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० स्केलची टोपोशीट आहे. तिच्यावर सीमेची रेघ अर्धा मिलीमीटर जाडीची आहे. ०.५ गुणिले ५०,००० म्हणजे २५,००० मिलीमीटर, म्हणजे २५ मीटर! एका मोठ्या घराची लांबी १५-२० मीटर धरली, तरी ते अख्खं घर त्या रेघेच्या शाईत मावतं. नकाशा १:२,५०,००० चा असेल तर तीच रेघ जमिनीवर सव्वाशे मीटरची होते. तिच्यात घरच काय, शाळा आणि पारसुद्धा येईल. म्हणजे 'नकाशात बघा, घर कुठे आहे ते कळेल' हे म्हणणंच चुकीचं आहे. या नकाशाला ते सांगता येत नाही. ते सांगायला गावाचा मोठ्या स्केलचा नकाशा, मोजणीच्या खुणा आणि दोन्ही बाजूंनी मान्य केलेले बिंदू लागतात.

आज जीपीएसने काही सेंटीमीटरपर्यंत अचूक बिंदू मिळतो, मग अडचण काय? अडचण अशी, की यंत्र फक्त 'तुम्ही इथे उभे आहात' एवढं सांगतं. 'सीमा इथे आहे' हे दोन सरकारांनी मिळून सांगायचं असतं.

सगळं दोन-दोन

या गावांत दोन ग्रामपंचायती आहेत, म्हणून दोन सरपंच. दोन शाळा, एक मराठी आणि एक तेलुगू. अनेक घरांत दोन रेशन कार्डं आणि दोन मतदार ओळखपत्रं. ऐकून वाटतं, मजा आहे यांची, दोन्ही हातांत लाडू!

मतदानाचंच उदाहरण घ्या. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि तेलंगण दोन्हीकडे एकाच दिवशी, ११ एप्रिलला मतदान होतं. २०२४ ला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि तेलंगणाचं १३ मे ला. मधे साडेतीन आठवडे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १७ व्या कलमानुसार एका माणसाचं नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत असता येत नाही. आपल्यापैकी कुणी असं केलं तर तो सरळ गुन्हा. इथे मात्र दोन्ही सरकारांनी स्वतः घरी येऊन नाव नोंदवलेलं आहे. मग कायदा कुणी मोडला?

दोन लाडवांच्या या हिशोबात एक गोष्ट मात्र दोनदा सोडा, धड एकदाही मिळालेली नाही. ती म्हणजे जमिनीचा पट्टा. शेतकऱ्याकडे सातबारा नसेल तर बँक पीककर्ज देत नाही, पीकविमा आणि नुकसानभरपाई अडते, मुलाच्या शिक्षणासाठी जमीन तारण ठेवता येत नाही. चाळीस-पन्नास वर्षं कसलेली जमीन कागदावर वनजमीनच राहते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे सुटायला हवं होतं. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. पण जो आदिवासी नाही, त्याला त्याआधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. हिशोब केला तर साधारण १९३० पासूनचा पुरावा. साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळाने इथे आलेल्या कुटुंबाने तो आणायचा कुठून? त्यात अर्ज कोणत्या राज्याच्या समितीकडे करायचा, हा प्रश्न वेगळाच.

आणखी एक गोष्ट शाळेची. घरातला एक मुलगा मराठी शाळेत आणि त्याचा भाऊ तेलुगू शाळेत, असं इथे होऊ शकतं. आईबाप व्यवहार बघतात, की वसतिगृह कुठे मिळेल, पुढे नोकरी कुठे मिळेल. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी असली की काय होतं, हे थोडंफार माहीत आहे. पण मला निदान कोणत्या राज्याचं बोर्ड हा प्रश्न कधी पडला नाही.

जर्मनीतलं मोडलारॉइट

जगात अशी गावं आणखीही आहेत. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे जर्मनीतलं मोडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नासच्या आसपास. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, सहज उडी मारून ओलांडता येईल एवढा. १८१० साली या ओढ्याशी सीमेचे दगड बसले. एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइस नावाचं छोटं संस्थान. पण गावाचं काही अडलं नाही. शाळा एका बाजूला, चर्च दुसऱ्या बाजूच्या शेजारगावात, माणसं इकडून तिकडे जायची.

दुसऱ्या महायुद्धानंतर तोच ओढा अमेरिकन आणि सोव्हिएत विभागांची हद्द झाला. १९४९ मध्ये पश्चिम आणि पूर्व जर्मनी असे दोन देश झाले आणि ओढा आंतरराष्ट्रीय सीमा बनला. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने सीमा बंद करायला सुरुवात केली, मग कुंपण, आणि १९६६ मध्ये ७०० मीटर लांब आणि ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिक या गावाला 'छोटं बर्लिन' म्हणायचे. पूर्वेकडच्या माणसाने पश्चिमेकडच्या शेजाऱ्याला नुसता हात हलवून नमस्कार करायलाही बंदी होती.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली. मोडलारॉइटला पायी ये-जा सुरू झाली ९ डिसेंबरला, बरोबर एक महिन्याने. जून १९९० मध्ये भिंत पाडली. थोडा तुकडा राखून तिथे म्युझियम केलं.

आणि आता गंमत बघा. गाव आजही दोन राज्यांत आहे. अर्धं बव्हेरियात, अर्धं थुरिंगियात. दोन पिनकोड, दोन एसटीडी कोड. दोन बाजूंच्या लोकांची 'नमस्कार' म्हणायची पद्धतसुद्धा वेगळी. पण आता कुणाला त्रास नाही, कारण रेषा कुठे आहे याबद्दल दोन्ही राज्यांत वाद नाही आणि कोणता माणूस कोणत्या बाजूचा हेही ठरलेलं आहे.

स्ट्रक्चरच्या भाषेत सांगायचं तर बीम तोच आहे, लोड बदलत गेला. महाराजगुड्यात भिंत कधीच नव्हती, काटेरी तारही नाही, स्वयंपाकघरातून बैठकीत जायला कुणी अडवत नाही. तरीपण तिथला माणूस अजून अडकलेला आहे आणि मोडलारॉइटचा सुटला.

नवापूरचा बाक

आपल्या राज्यात याच्या उलट उदाहरणही आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होण्याआधी दोन्ही बाजू मुंबई राज्यात होत्या. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमा स्टेशनातूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ, एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात. लोक त्यावर बसून फोटो काढतात.

इथे कुणाचं काही बिघडत नाही. का? कारण रेल्वे केंद्राची आहे. गाडी, तिकीट, फलाट, सगळ्याचा मालक एकच. जमीन, महसूल, पोलीस हे मात्र राज्यघटनेप्रमाणे राज्यांचे विषय आहेत. म्हणून बाकावर रेघ असली तर फोटो निघतो, आणि शेतातून रेघ गेली तर पट्टा अडतो.

सुटतं कसं?

घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि तो वापरलाही गेला आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या वादात हरि विनायक पाटसकर या आपल्या मराठी माणसाने निवाडा दिला आणि १९५९ मध्ये त्याचा कायदा झाला. खेडं हा घटक धरायचा, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत बघायचं, ही पाटसकरांची तत्त्वं. बेळगावच्या बाबतीत महाराष्ट्र आजही तीच तत्त्वं मांडतो. बिहार आणि उत्तर प्रदेशात गंगा-घाघरा पात्र बदलत राहिल्या, तेव्हा १९६८ मध्ये कायदा करून नदीऐवजी पक्की रेषा धरली.

याहून मोठं उदाहरण भारत-बांगलादेशचं. एकमेकांच्या पोटात अडकलेले १६२ तुकडे २०१५ मध्ये दोन्ही देशांनी बदलून घेतले, भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१. तिथल्या माणसांना कोणता देश हवा ते निवडायची संधी दिली. दोन देशांना जे जमलं, ते दोन राज्यांना अवघड असायचं कारण नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही १४ गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया करायचं जाहीर केलं. चांगली गोष्ट आहे. पण माझ्या मते नुसतं 'गाव आमचं' म्हणून भागणार नाही. तीन कामं एकत्र व्हायला हवीत. दोन्ही राज्यांची मिळून मोजणी आणि खांब. प्रत्येक कुटुंबाची एकच यादी, एकच मतदार नाव. आणि सगळ्यात आधी, जो जमीन कसतो त्याला तिचा कागद. तिसरं काम झालं नाही, तर तेलंगणाचं रेशन जाईल आणि महाराष्ट्राचा पट्टाही येणार नाही. तसं झालं तर माणसं दोन कार्डं का सोडतील? आपण तरी सोडली असती का?

आपला काय संबंध?

असं वाटेल, की ठाण्यात बसून जिवतीचा विचार कशाला. पण घोडबंदर रोडवरच बघा. गायमुखच्या पुढे ठाणे महापालिका संपते, मीरा-भाईंदर सुरू होते. आणखी पुढे जाऊन खाडीपूल ओलांडला की वसई तालुका. १ ऑगस्ट २०१४ च्या आधी तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. पोर्तुगीजांच्या काळातही ही खाडी महत्त्वाची होती, म्हणून तर तिच्या काठावर घोडबंदरचा किल्ला उभा राहिला. आपण रोज अशा रेषा ओलांडतो. त्या जाणवत नाहीत, कारण दोन्ही बाजूंना आपला सातबारा, आपलं मत आणि आपला दाखला कुणी वादात टाकलेला नाही.

आणि अॅडमिशनचा फॉर्म आठवा. त्यात टाईप ए, बी, सी, डी आणि शेवटी टाईप ई असतो. आपण तो न वाचता खाली जातो. टाईप ई म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी-बारावी झालेला, मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी. बेळगाव, निपाणी, खानापूरसारख्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही आणि २००४ पासून हा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये कुणी टाईप ई मधून आलेला असेल, तर त्याच्यासाठी सीमावाद ही टीव्हीवरची चर्चा नाही, त्याच्या अॅडमिशनचा कागद आहे. त्याला एकदा विचारा, हा कागद गोळा करायला काय काय लागलं ते. मेसमध्ये जेवताना विचारायला हरकत नाही.

आपल्यापैकी काही जण पुढे महसूल खात्यात, भूमी अभिलेखात, पीडब्ल्यूडीत किंवा जीआयएसच्या कंपन्यांत जातील. तुमच्या स्क्रीनवर कधी एखादी सीमारेषा आली, तर तिला झूम करून बघा. खाली छपरं दिसतात का ते तपासा, आणि दिसली तर रेघ पक्की करायच्या आधी एकदा तिथे जाऊन या.